वक्र छताची जाळी नंतर बसवता येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगभरातील वक्राकार इमारतींवर आलेला सचित्र लेख वाचला. छायाचित्रांची निवड उत्तम आहे आणि या विषयाला मराठी वृत्तपत्रात एवढी जागा मिळाली याचे समाधान वाटले. तरीही लेखातील दोन विधानांबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. पोलाद आणि काच यांची छते कागदावरून प्रत्यक्षात उतरवण्याच्या कामात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, आणि ही दोन विधाने ज्यांनी ठामपणे केली त्यांच्या कामात पुढे हमखास घोळ झालेला मी पाहिला आहे. पहिले विधान एका छायाचित्राखालच्या ओळीत आहे: ‘संगणकाच्या साहाय्याने हव्या तशा वळवलेल्या काचा’. दुसरे लेखाच्या अखेरीस आहे: आकार वास्तुविशारदाला सुचतो आणि जाळी (काचांचे सांधे आणि त्यांखालच्या तुळया यांची रचना) त्यावर नंतर ‘बसवली जाते’.

त्या छायाचित्रात ढगांचे प्रतिबिंब पडले आहे. ते नीट पाहिले तर दिसेल की ढगाची कड प्रत्येक सांध्यापाशी तुटते आणि पुढच्या तावदानात थोडी सरकून पुन्हा सुरू होते. काच खरोखर वळवलेली असती तर प्रतिबिंब ताणले गेले असते, वाकडे झाले असते, पण असे तुकड्यातुकड्यांनी तुटले नसते. म्हणजे छायाचित्रातील प्रत्येक तावदान सपाट आहे. वळली आहे ती तावदानांची रांग. वक्र दिसणाऱ्या काचेच्या इमारतींपैकी बहुसंख्य अशाच असतात. लंडनमधील ३० सेंट मेरी ॲक्स ही २००४ साली खुली झालेली, १८० मीटर उंचीची फुगीर इमारत सर्वांनी चित्रात पाहिलेली असते. तिच्या सबंध बाह्यांगात वक्र काच एकच आहे, अगदी शिखरावर बसवलेली भिंगासारखी. बाकी सारा फुगीरपणा सपाट तुकड्यांतून आलेला आहे.

असे का करावे लागते, हे कारखान्यात उभे राहिले की लगेच कळते. सपाट काच कापायची, तिच्या कडा घासायच्या आणि ती टफन करायची, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत करायची, एवढ्यावर काम भागते. नळकांड्यासारखी एकाच दिशेने वाकवलेली काच महाग असली तरी तयार करता येते. दोन्ही दिशांनी वाकलेली काच हवी असेल, तर मात्र तिच्यासाठी फर्मा, म्हणजे त्या आकाराचा साचा, करावा लागतो, काच तापवून त्यावर बसू द्यावी लागते, आणि छताच्या प्रत्येक जागी वक्रता वेगळी असेल तर प्रत्येक तावदानाला नवा फर्मा लागतो. हजार तावदानांचे छत म्हणजे हजार फर्मे. संगणक कितीही वेगवान असला तरी भट्टीत काच थंड व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच.

मग सपाट तुकड्यांनी वक्र पृष्ठभाग झाकायचा, तर कोणत्या तुकड्यांनी? येथून जाळीचा प्रश्न सुरू होतो आणि तो सौंदर्याचा प्रश्न होण्याआधी भूमितीचा असतो. कार्ल फ्रीड्रिश गाऊस याने १८२७ साली वक्र पृष्ठभागांवर लॅटिनमध्ये लिहिलेल्या निबंधात एक प्रमेय सिद्ध केले. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की पृष्ठभागावर सरपटणाऱ्या एखाद्या किड्याने बाहेर न डोकावता, केवळ पृष्ठभागावरील अंतरे मोजली, तरी पृष्ठभाग किती वक्र आहे ते त्याला काढता येईल. म्हणून ही वक्रता नुसते वाकवून जाणारी किंवा येणारी नाही. कागदाची गुंडाळी होते, शंकू होतो, कारण त्यांत कागदावरील अंतरे बदलत नाहीत. पण चेंडूवर कागद चिकटवायला गेले की तो चुरगळतो किंवा फाटतो. पत्रा, प्लायवूड आणि काच यांची गत कागदाहून वेगळी नाही. दोन्ही दिशांनी वळलेले छत हवे असेल, तर ते कोठे ना कोठे कापावेच लागते, आणि या कापांची रचना म्हणजेच जाळी.

सर्वांत सोयीचा तुकडा त्रिकोण. तिवई कशाही जमिनीवर डुगडुगत नाही आणि चौरंग मात्र डुगडुगतो, हे कोणालाही ठाऊक असते. वक्र छताचे निम्मे शास्त्र त्यातच आहे. तीन बिंदूंतून नेहमी एक सपाट प्रतल जाते, चौथा बिंदू त्या प्रतलात पडेलच असे नाही. त्यामुळे कोणताही आकार घ्या, त्यावर बिंदू टाका, ते त्रिकोणांनी जोडा, म्हणजे प्रत्येक तावदान आपोआप सपाट मिळते. चौकोनी जाळीत ही खात्री नाही.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली असे म्हणणे खोटे ठरेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सभागृहाच्या प्रवेशावरील काचेच्या छताचे काम आमच्याकडे आले. आकार पाठीवरच्या खोगिरासारखा, एका दिशेने फुगीर आणि दुसऱ्या दिशेने खोलगट; त्यावर सुबक चौकोनी जाळी आखलेली. नकाशे मंजूर झाले होते, पोलादही कापून झाले होते. पहिली चौकट वर्कशॉपमध्ये जुळवून आम्ही तिच्यावर काचेच्या मापाचा, प्लायवूडचा सपाट फर्मा ठेवला. तीन कोपरे चौकटीला टेकले आणि चौथा वर राहिला. सर्वांना आधी जोडकामाची चूक वाटली. वेल्डरने चौकट पुन्हा मापली, कर्ण तपासले, सारे नकाशाबरहुकूम होते. फर्म्याचा वर राहिलेला कोपरा दाबला की समोरचा उचलला जाई. फटीत पट्टी घालून पाहिले तर अंतर चौदा मिलिमीटर भरले, आणि ती छताच्या मधल्या भागातली, त्या मानाने सौम्य चौकट होती. कडेच्या चौकटींत फट याहून मोठी निघाली. चूक वेल्डरची नव्हती, ती नकाशातल्या चौकोनांची होती: ते चौकोन कधी सपाट नव्हतेच, आणि हे एवढ्या सह्यांतून कोणी तपासले नव्हते.

काच थोडी दाबून बसवता येते, हे खरे. जागेवरच थंड अवस्थेत कोपरा खाली ओढून पट्टीने पकडण्याची पद्धत आहे आणि हिशेब करून ती वापरलीही जाते. परंतु काचेत त्याचा ताण कायमचा राहतो, आणि दुहेरी काच असेल तर दोन काचांमधील कडेचे सील सतत पिळले जाऊन त्यात ओल शिरण्याचा धोका राहतो. आमच्या बाबतीत फट एवढी होती की तो मार्ग बंदच होता. शेवटी प्रत्येक चौकोनाचा कर्ण टाकून दोन त्रिकोण करावे लागले. त्यातही एक मेख होती, जी मला त्या दिवसापर्यंत कधी सुचली नव्हती. सपाट नसलेल्या चौकोनाचे दोन कर्ण एकमेकांना छेदत नाहीत, एक दुसऱ्याच्या वरून जातो. वरचा कर्ण घेतला तर दोन त्रिकोणांमध्ये उंचवटा तयार होतो आणि पाणी दोन्हीकडे वाहून जाते. खालचा घेतला तर तेथे पन्हळ होते आणि तीत धूळ आणि पाणी साचते. आमच्या रेखाटनकाराने पहिल्या खेपेस सगळे कर्ण दिसायला एकसारखे, एकाच दिशेने टाकले होते. त्यांतले बरेच बदलावे लागले. वास्तुविशारदाची स्वच्छ चौकोनी जाळी गेली ती गेलीच, वर नव्या तुळयांनी छताचे वजन वाढले आणि प्रत्येक गाठीला चारऐवजी पाच, सहा, काही ठिकाणी त्याहूनही अधिक तुळया येऊन मिळू लागल्या.

आता त्रिकोणच जर एवढे भरवशाचे, तर सर्वत्र तेच का वापरू नयेत, असे वाचक विचारतील. याचे उत्तर मोजणीत आहे. ऑयलरचे सूत्र शाळेत ठोकळ्यांपुरते शिकवले जाते: शिरोबिंदूंच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून पृष्ठांची संख्या मिळवली की दोन येतात. तेच सूत्र मोठ्या जाळीला लावले, तर असे निघते की चौकोनी जाळीत गाठींच्या सुमारे दुप्पट तुळया आणि गाठींएवढीच तावदाने लागतात, तर त्रिकोणी जाळीत गाठींच्या सुमारे तिप्पट तुळया आणि दुप्पट तावदाने. म्हणजे हजार गाठींच्या छताला एका पद्धतीत दोन हजार तुळया, दुसरीत तीन हजार. जास्तीच्या प्रत्येक तुळईला दोन टोके, प्रत्येक टोकाला जोड, प्रत्येक काचेला रबराची कड आणि सिलिकॉन. आयताकार काचेच्या तावातून त्रिकोण कापताना वाया जाणारा भाग वेगळाच. शिवाय तुळईला उंची असते. गाठीत सहा तुळया येतात तेव्हा त्या सर्वांच्या उभ्या प्रतलांना एकाच अक्षावर मिळायला सहसा जमत नाही. गाठीला पीळ पडतो, आणि तो पीळ लपवण्यासाठी जी जाडजूड गाठ करावी लागते ती खालून पाहणाऱ्याला कायम दिसत राहते. छत हलके आणि पारदर्शक दिसावे म्हणून काच निवडायची आणि मग गाठींची गर्दी करायची, यात मला कधीच अर्थ वाटला नाही.

त्रिकोणी जाळी वाईट असते असे मात्र माझे म्हणणे नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील मोठ्या चौकावर २००० साली घातलेले छत पाहावे. बाहेर आयताकार चौक, आत जुन्या वाचनालयाची वर्तुळाकार इमारत, आणि तीही नेमकी मध्यावर नाही. या दोहोंमधील जागा झाकणाऱ्या छतात ३,३१२ त्रिकोणी तावदाने आहेत आणि प्रत्येकाचे माप वेगळे आहे. वर्तुळ आणि आयत यांना एकाच जाळीने जोडायचे म्हटल्यावर तेथे त्रिकोणांवाचून फारसा पर्याय नव्हता. परंतु त्या छताचा पृष्ठभाग क्रिस विल्यम्स या अभियंत्याने आधी सूत्रांनी बांधला, त्यावरील रेषा गणिताने हळूहळू सैलावत, एकसारख्या पसरू देत जागच्या जागी आणल्या. वाटेल तसा आकार काढून त्याच्यावर जाळे फेकले गेले नाही. आकार आणि जाळी तेथे एकाच टेबलावर, एकाच वेळी घडली.

चौकोनी जाळीत तावदाने सपाट हवी असतील, तर आकार निवडतानाच काही अटी पाळाव्या लागतात, आणि त्या अटी मला स्वतःला या विषयातील सर्वांत रम्य भाग वाटतात. सर्वांत सोपी रीत कुंभाराच्या चाकाची. एक वक्र रेषा उभ्या अक्षाभोवती फिरवली की घुमट तयार होतो. त्यावर अक्षांश आणि रेखांश यांच्यासारख्या रेषा आखल्या की प्रत्येक चौकोन समलंब आणि सपाट असतो. एका कड्यातील सर्व तावदाने सारखी. कड्यात ६० तावदाने आणि अशी २४ कडी असतील, तर १,४४० तावदानांना मापे फक्त २४. दुसरी रीत सरकवण्याची. एक वक्र रेषा दुसऱ्या वक्र रेषेवरून, स्वतःशी समांतर राहील अशी सरकवत नेली, तर तयार होणाऱ्या पृष्ठभागावर जाळीचा प्रत्येक चौकोन समांतरभुज निघतो, कारण त्याच्या समोरासमोरच्या बाजू एकाच तुकड्याच्या दोन प्रती असतात. आणि समांतरभुज चौकोन सपाटच असतो. कोणताही विद्यार्थी हे वहीच्या पानावर पडताळू शकेल. जर्मन अभियंते श्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील पाणघोड्यांच्या घरावर या रीतीने काचेचे छत घातले. ते पाहणाऱ्याला मुक्त, लवचिक वाटते. त्यातील शिस्त डोळ्यांना टोचत नाही.

तिसरी वाट याहून जुनी आणि याहून खोल आहे. बहुतेक वक्र पृष्ठभागांवर कोणत्याही बिंदूपाशी एक दिशा अशी असते की जिकडे पृष्ठभाग सर्वांत जास्त वाकतो आणि एक अशी की जिकडे सर्वांत कमी. या दोन दिशा एकमेकींना काटकोनात असतात. त्या दिशांनी रेषा काढत गेले की पृष्ठभागाची स्वतःची अशी एक जाळी उमटते, जिचे चौकोन जवळजवळ सपाट असतात. गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने १७९६ मध्ये तीन असमान अक्षांच्या लंबगोलाकार पृष्ठभागावर या रेषा काढून दाखवल्या आणि विधिमंडळाच्या सभागृहाला तशा घुमटाचे दगडी छत द्यावे, दगडांचे सांधे याच रेषांवरून न्यावेत, असे सुचवले. जेथे सर्व दिशांना वाकणे सारखेच असते त्या बिंदूंपाशी या रेषांची रचना बदलते. तेथून झुंबरे टांगावीत, अशी त्याची सूचना होती. ते सभागृह बांधले गेले नाही. पण याच रेषांच्या आधारे सपाट चौकोनांची जाळी संगणकाकडून कशी सुधारून घ्यावी, हे हेल्मुट पॉटमान हे गणितज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडले, आणि त्यातील एका प्रकारच्या जाळीत गाठींना पीळ पडत नाही हेही दाखवले. मोंजला दगडाच्या सांध्यांसाठी जे हवे होते, तेच दोन शतकांनी काचेच्या चौकटींना हवे होते.

आपल्या लेखात सिडनीच्या ऑपेरा हाउसचा उल्लेख ‘भूमितीच्या बंधनातून सुटलेला आकार’ असा आला आहे. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. यॉर्न उट्झन याने १९५७ मध्ये स्पर्धा जिंकली तेव्हाच्या रेखाटनांतील शिडांना, म्हणजे शिडांसारख्या दिसणाऱ्या छतांना, नेमकी भूमिती नव्हती, आणि पुढची काही वर्षे एकामागून एक आकार तपासण्यात गेली. मार्ग सापडला तो १९६१ मध्ये, सर्व शिडे सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापून घ्यायची असे ठरले तेव्हा. गोलाची वक्रता सर्वत्र सारखी. त्यामुळे बरगड्यांचे काँक्रीटचे तुकडे त्याच त्या साच्यांतून ओतता आले आणि वरच्या दहा लाखांहून अधिक फरशा जमिनीवरच मोठ्या फलकांत जुळवून वर चढवता आल्या. इमारत १९७३ मध्ये खुली झाली. तिच्या फरशांच्या सांध्यांची जी नक्षी दुरून दिसते, ती त्या गोलाच्या रेषांचीच आहे. आकाराने जाळीची अट मान्य केली तेव्हा कुठे इमारत उभी राहिली.

नक्षीचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर करतो, तेही फार दूर जाणारे नाही. सपाट भिंतीवर षट्कोनांची नक्षी हवी तेवढी पसरता येते. घुमटावर ती पसरत नाही, आणि याचे कारण कारागिराच्या हातात नसते. सहा समभुज त्रिकोण एका बिंदूभोवती ठेवले की जमीन सपाट राहते. त्यातला एक काढून उरलेले पाच जोडले की टोपी होते. एक वाढवून सात केले की खोगीर होते. हा प्रयोग पुठ्ठ्यावर पाच मिनिटांत होतो आणि मी तो नव्या अभियंत्यांकडून पहिल्याच दिवशी करवून घेत असे. तिरप्या तीन दिशांनी विणलेल्या टोपल्या पाहिल्या आहेत का? त्यांची भोके षट्कोनी असतात. पण जेथे बूड संपून भिंत वळते तेथील कोपऱ्यात विणणारा एक पट्टी गाळतो आणि भोक पंचकोनी होते. त्याला कोणी ऑयलर शिकवलेला नसतो. बिंदूभोवतीचे कोन ३६० अंशांपेक्षा जेवढे कमी भरतात तेवढी ‘तूट’ धरली, तर पूर्ण बंद गोळ्यावरील सर्व तुटींची बेरीज ७२० अंशच येते, हे देकार्तने दाखवले होते. जुन्या पद्धतीच्या फुटबॉलवर ६० कोपरे असतात आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक पंचकोन व दोन षट्कोन मिळतात; तेथील कोन ३४८ अंश भरतात, तूट १२ अंश, आणि साठ गुणिले बारा म्हणजे ७२०. नुसत्या षट्कोनांचा, प्रत्येक कोपऱ्यावर तीन मिळणारा चेंडू होऊच शकत नाही. त्यात बारा पंचकोन घालावेच लागतात.

जर्मनीतील येना येथे वाल्टर बाउअर्सफेल्ड याने १९२० च्या दशकात तारांगणासाठी उभारलेल्या त्रिकोणी सळ्यांच्या घुमटात आणि १९६७ च्या मॉन्ट्रियल प्रदर्शनात बकमिन्स्टर फुलर याने उभारलेल्या ७६ मीटर व्यासाच्या गोलात हेच गणित आहे: बहुतेक गाठींना सहा सळ्या, आणि मोजक्या, ठरावीक अंतरावरील गाठींना पाच. मॉन्ट्रियलच्या गोलाचे ॲक्रिलिकचे आवरण १९७६ च्या आगीत जळून गेले. पोलादी जाळी मात्र आजही उभी आहे. इराणमधील इस्फहानच्या शेख लुत्फुल्ला मशिदीच्या, १६१९ मध्ये पूर्ण झालेल्या घुमटात कारागिरांनी वेगळी वाट काढली. त्यांनी आकृत्या तशाच ठेवल्या आणि माथ्याकडे जाताना त्या क्रमाने लहान करत नेल्या, त्यामुळे खाली उभे राहून वर पाहणाऱ्याला घुमट आहे त्याहून उंच भासतो. तूट तेथेही आहे, ती सर्व नक्षीवर समान वाटून दिली आहे इतकेच.

लाकडाच्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे, तो शिंप्याला ऐकताक्षणी समजेल. विणलेले कापड उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने ताणले जात नाही, उरेब, म्हणजे तिरप्या दिशेने, मात्र ताणले जाते, कारण धाग्यांची लांबी तीच राहून त्यांच्यातील कोन बदलतात. रशियन गणितज्ञ चेबिशेव याने १८७८ मध्ये कपडे कापण्याच्या गणितावर पॅरिसमध्ये व्याख्यान दिले होते, ते नेमके याच जाळ्यांवर. जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो याने १९७५ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथील सभागृहासाठी ५० सेंटिमीटर अंतरावर लाकडी पट्ट्यांची चौकोनी जाळी सपाट जमिनीवर जुळवली, गाठी सैल ठेवल्या, जाळी खालून उचलून फुगीर केली आणि मग गाठी आवळल्या. आकार आधी साखळ्यांच्या टांगलेल्या नमुन्यावरून ठरवला होता. चौकोनांचे समभुज चौकोन झाले, पट्ट्या वाकल्या, लांबी कोणाचीच बदलली नाही. ते बांधकाम तात्पुरते म्हणून केले होते आणि अजून उभे आहे. त्याहूनही आधी, १८९६ मध्ये, रशियन अभियंता व्लादिमीर शुखोव याने निझनी नोवगोरोदच्या प्रदर्शनात केवळ सरळ सळ्यांतून दोन्ही दिशांनी वळलेला मनोरा उभा केला होता. त्याबद्दल स्वतंत्र लेख व्हावा, येथे जागा नाही.

आता संगणकाविषयी. तो नसता तर ब्रिटिश म्युझियमची ३,३१२ मापे काढणे आणि तितक्या काचा न चुकता कापणे अशक्यप्राय झाले असते, हे मी नाकारत नाही. माझी तक्रार आहे ती त्याच्या पडद्यावर फुकट मिळणाऱ्या रेषांबद्दल. आकार काढण्याच्या प्रणालीत पृष्ठभाग तयार केला की त्यावर उभ्या-आडव्या रेषा आपोआप दिसतात. त्या रेषा त्या प्रणालीला पृष्ठभाग लक्षात ठेवण्यासाठी लागतात. बांधकामाशी त्यांचा काही संबंध नसतो. एखाद्या टोकाला त्या बोट शिरणार नाही एवढ्या दाटतात, दुसरीकडे एवढ्या फाकतात की त्या मापाची काच कोणी पुरवू शकणार नाही. तरीही अनेक विद्यार्थी, आणि खेदाने सांगतो, काही अनुभवी वास्तुविशारदही, त्याच रेषांना जाळी समजून त्यांच्यावर तुळया बसवून मोकळे होतात. आमच्या त्या खोगिराच्या छताची जाळी अशीच आली होती. ‘पटल पाडा’ अशी एक आज्ञा दिली की हजार चौकोन क्षणात पडतात; त्यांतले किती सपाट, किती सारखे, आणि कोणत्या गाठीला पीळ आहे, हे ती आज्ञा विचारल्याशिवाय सांगत नाही. विचारावे लागते, आणि काय विचारायचे ते आधी ठाऊक असावे लागते.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. वास्तुरचनेच्या स्पर्धांमध्ये पहिल्या फेरीला केवळ आकाराची मोहक चित्रे मागवली जातात. वक्र छत असेल तर त्याच फेरीत जाळीचा नकाशा मागावा, आणि सोबत तावदानांची एकूण संख्या, वेगळ्या मापांची संख्या, सपाट नसलेल्या तावदानांतील सर्वांत मोठी फट, एवढे चार ओळींत लिहून घ्यावे. ज्यांनी जाळीचा विचार केला आहे त्यांना यासाठी अर्धा दिवसही लागणार नाही. आणि वास्तुविद्येच्या अभ्यासक्रमात प्रणाली शिकवण्याआधी काही तास पुठ्ठा, कात्री आणि चिकटपट्टी यांना द्यावेत. पाच, सहा आणि सात त्रिकोण स्वतःच्या हाताने जोडलेला विद्यार्थी पडद्यावरील रेषांना सहजासहजी भुलत नाही, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे मागणे त्याहून लहान आहे. अशा इमारतींवर पुढे लेख येतील तेव्हा उंची आणि खर्च यांच्या जोडीला तावदाने किती आणि त्यांत वेगळी किती, हे दोन आकडे मिळाल्यास जरूर छापावेत. आणि या वेळच्या छायाचित्राखालील ओळीत ‘वळवलेल्या काचा’ याऐवजी ‘सपाट काचा’ अशी दुरुस्ती येत्या रविवारी करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर